आधी मिठू

"थाळी वाजली, म्हणजे गॅस सुटला! आता काय करायचं?" मी विचारलं.

"भाजी करपू द्यायची," नलिनी म्हणाली. तिच्या हातात कालथा होता.

"चेष्टा नको गं. पुन्हा. थाळी वाजली!"

तिने उसासा टाकून स्टोव्ह बंद केला, बादलीत टॉवेल बुचकळला, रेशनकार्डाची पत्र्याची पेटी काखेत मारली आणि दारात जाऊन उभी राहिली. "झालं माझं. आता तुमचं."

"आधी मिठू!" म्हणत मी खिळ्यावरचा पिंजरा काढला. "माणूस पळू शकतो. पिंजऱ्यातला जीव कुठे पळणार?"

"आधी मिठू! आधी मिठू!" पोपटानेही सूर लावला. दर रविवारी ऐकून ऐकून त्याचं पाठ झालं होतं. आमची मनी मांजर उंबऱ्यावर बसून हा तमाशा बघायची. तिचं नाव यादीत नव्हतं. मांजराला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

यादी दाराला आतून चिकटवलेली होती. पेटी – नलिनी. मिठू – दशरथ. अक्षर माझंच.

भोपाळच्या वायुकांडाला दीड वर्ष झालं होतं आणि भांडुपच्या आमच्या चाळीमागे बर्फाचा कारखाना होता. बर्फ करायचा म्हणजे अमोनिया, विषारी वायू. मी मुलुंडला फिटर, पण नागरी संरक्षणाचं पाच दिवसांचं शिक्षण घेऊन वॉर्डन झालो होतो. दंडाला बांधायची पिवळी पट्टी आणि शिटी मिळाली होती. दोन्ही पिंजऱ्याशेजारच्याच खिळ्याला लटकायच्या. खोटं कशाला बोलू, जरा फुगलोच होतो. चाळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, "आला गं बाई शिटीवाला!" हसा म्हटलं, वेळ आली की कळेल.

वेळ मंगळवारी दुपारी आली. मला रात्रपाळी होती, नलिनी दळण आणायला गिरणीत गेली होती. आधी नाकात काहीतरी सणकन गेलं, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी ओळखलं. टॉवेल भिजवून नाकाला लावला आणि हात खिळ्याकडे नेला.

हातात आली ती पट्टी आणि शिटी.

"आधी मिठू!" तो ओरडला. पंख फडफडवत, गजांवर आपटत ओरडला. "आधी मिठू! आधी मिठू!"

"आलोच रे," मी म्हणालो आणि दाराबाहेर पळालो.

शिट्या मारत सगळी गॅलरी पालथी घातली. "ओलं फडकं नाकाला! वाऱ्याला आडवं चाला! शाळेच्या मैदानावर!" चाळीस खोल्या रिकाम्या झाल्या. एका माणसाला इजा झाली नाही. मैदानावर मी माणसं मोजत होतो, तेवढ्यात नलिनी आली. केसांवर पीठ होतं.

"मिठू कुठाय?"

मी शिटीकडे बघितलं. तिने शाळेच्या नळाखाली पदर भिजवला, नाकाला लावला आणि चाळीकडे निघाली. मी मागे धावायला हवं होतं. तिला थांबवून स्वतः जायला हवं होतं. पण मला तो वास आठवला आणि मी पुन्हा माणसं मोजायला लागलो. मोजून झालेलीच माणसं.

मिठूच्या अंगावर पिसंही नव्हती, तेव्हापासून तिने वाढवलेला. कापसात ठेवून, भिजवलेली डाळ वाटून बोटाने भरवलेली. आम्हाला मूलबाळ नाही.

ती आली तेव्हा डोळे लालबुंद होते, खोकून खोकून वाकली होती. पिंजऱ्यावर ओला टॉवेल होता. अगदी मी शिकवलं होतं तसाच.

"अगं नलू, तू आत गेलीस?" शेजारची शकु किंचाळली.

"छे गं!" नलिनी खोकत म्हणाली. "यांनी कधीच बाहेर काढून कोपऱ्यावर ठेवला होता. मी नुसता उचलून आणला."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो.

पुढच्या पौर्णिमेला चाळीच्या सत्यनारायणात माझा सत्कार झाला. काशीरामकाकांनी शाल घातली. म्हातारा रडत होता. "दशरथा, तू होतस म्हणान आमी वाचलव रे! बोल दोन शब्द."

मी उठलो. नलिनी बायकांत खाली मान घालून बसली होती. खोकला अजून गेला नव्हता.

"मी काही केलं नाही," मी म्हणालो.

टाळ्यांचा कडकडाट. "बघा, बघा! मनाचा मोठेपणा बघा!" कोणीतरी ओरडलं. आणखी एक वाक्य बोललो असतो तर मोकळा झालो असतो. नारळ घेऊन खाली बसलो. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बसलो.

घरी येऊन शाल खुंटीला टाकली. पेन्सिल घेतली आणि यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. खाली 'नलिनी' लिहायला लागलो.

"खोडू नका," ती मागून म्हणाली.

"कुठल्या तोंडाने ठेवू गं?"

"मग मी घरात नसले तर त्याला कोण घेईल?" तिने पेन्सिल काढून घेतली आणि रेघेपुढे पुन्हा लिहिलं, दशरथ.

रविवारी मी थाळी वाजवली. नलिनीने स्टोव्ह बंद केला, टॉवेल भिजवला, पेटी घेतली. मी पिंजऱ्याला हात घातला. मिठू दांडीवरून सरकत सरकत पार पलीकडे जाऊन बसला. बोलला नाही.

"आधी मिठू," मीच हळूच म्हणालो.

तो गप्पच.

नलिनी दारात थांबली होती. "चला," ती म्हणाली. मी पिंजरा दोन्ही हातांनी धरून तिच्या मागे निघालो.