उद्या नीट सांगतो

“म्हणजे प्रलयाच्या वेळी मासे तारवात घेतलेच नाहीत?” स्टुलावर बसलेल्या टॅक्सीवाल्यानं विचारलं.

“कशाला घेईल नोहा? बुडणार होती ती माणसं आणि जनावरं. मासे आपले बाहेर मजेत होते,” टेबलामागून काचवाले म्हणाले.

“चांदीच झाली की त्यांची!” टॅक्सीवाला खूश होऊन उठला. मित्राशी लावलेली पैज जिंकायला त्याला एवढं पुरेसं होतं. समोरच्या चपलांच्या दुकानाचा मालक दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता, तोही हसला. एरवी काचवालेही हसले असते. आज त्यांनी नुसतीच मान हलवली आणि पुढच्या माणसाला बसायची खूण केली.

त्यांना सगळा बाजार काचवाले म्हणायचा, कारण आठवडाभर ते चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून नंबराच्या काचा घासायचे. शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद झालं, की चर्चच्या मंडळीतलं घडीचं टेबल ते बसथांब्याजवळच्या फुटपाथवर मांडायचे. टेबलावर बायबल, पाण्याचा जग, पुढं एक स्टूल आणि एक पाटी: ‘बायबलविषयी काहीही विचारा.’ लोकही मग काहीही विचारायचे. सगळ्यात जास्त प्रश्न यायचा तो आदामाच्या मुलाला, काईनाला, बायको कुठून मिळाली हा. स्वतःच्या बायकोची विचारपूस न करणारी माणसंसुद्धा काईनाच्या बायकोची काळजी करत टेबलापर्यंत यायची.

टेबलाचे नियम दोनच, आणि ते जुन्या पाळकसाहेबांनी घालून दिलेले होते. स्टुलावर जो बसेल त्याला उत्तर द्यायचं, मग तो दारू प्यालेला असो नाहीतर टिंगल करायला आलेला. आणि थातूरमातूर काही सांगायचं नाही. उत्तर पक्कं नसेल तर म्हणायचं, “चांगला प्रश्न आहे. पुढच्या शनिवारी नीट सांगतो.” मग घरी जाऊन वाचायचं, चार जाणत्यांना विचारायचं आणि दिलेला शब्द पाळायचा. बाकीचे उत्तर देणारे आले, वाद घालून घसा बसवून घेतला आणि गेले. काचवाले टिकले ते या दुसऱ्या नियमाच्या जोरावर. कधीकधी विचारणारा पुन्हा फिरकतच नसे. अशी कितीतरी उत्तरं काचवाल्यांकडं तयार होऊन पडली होती, दुकानात कुणी न्यायला न आलेल्या चष्म्यांसारखी.

त्यांचा मुलगा जाऊन अजून महिना झाला नव्हता. एकुलता एक, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, तिशी नुकतीच ओलांडलेला. नवे पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले होते, “काका, काही दिवस टेबल राहू द्या.” पण दुसऱ्याच शनिवारी काचवाले टेबल घेऊन हजर झाले. लोकांना वाटलं, केवढा हा विश्वास! खरी गोष्ट अशी होती, की त्यांना घरात बसवत नव्हतं. घरात बायको होती आणि तिचा एकच प्रश्न होता.

“त्या संध्याकाळी तो तुमच्याशी काय बोलला?”

त्या संध्याकाळी ती इस्पितळात खाली औषधं आणायला गेली होती. परत आली तेव्हा दाराच्या काचेतून तिला बापलेक दिसले, डोक्याला डोकं लावून बोलत असलेले. गेल्या दहाबारा वर्षांत तिनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना एका रविवारी चर्चला निघताना चपला घालता घालता थांबला होता आणि म्हणाला होता, “मला नाही पटत, बाबा. पटल्यासारखं दाखवू का?” काचवाले “नको” म्हणाले होते. भांडण नाही, आदळआपट नाही. तेव्हापासून दोघं लिफ्टच्या मोटारींबद्दल बोलत, घराच्या भाड्याबद्दल बोलत, आणि एका विषयाला वळसा घालून जात. म्हणून ती त्या दिवशी दाराबाहेरच थांबली होती, औषधांची पिशवी हातात घेऊन. मग भेटीची वेळ संपली. पहाटे इस्पितळातून फोन आला.

“काही विशेष नाही गं,” काचवाल्यांनी तिला सांगितलं होतं. “पाणी मागत होता.”

त्याला पाणी बंद होतं, आणि ओल्या कापसानं त्याचे ओठ तीच दिवसभर पुसत होती. तो पाणी मागायचा तेव्हा फक्त तिच्याकडं बघायचा. नवरा खोटं बोलतोय हे तिला त्याच क्षणी कळलं. तिनं पुन्हा विचारलं, मग पुन्हा. काचवाले कधी अंघोळीला उठायचे, कधी दुकानाची घाई काढायचे, कधी “आधी जेवून घे” म्हणायचे. जगाच्या प्रश्नांना उत्तरं देणारा माणूस घरात वेळ मारून नेत होता. शेवटी तिनं विचारणं सोडून दिलं. काचवाल्यांना वाटलं, सुटलो.

स्टुलावर आता कॉलेजातली एक मुलगी बसली होती. तिला अर्थातच काईनाची बायको हवी होती. काचवाले आदामाच्या बाकीच्या मुलामुलींबद्दल सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांचं लक्ष मुलीच्या मागं गेलं. तिथं त्यांची बायको उभी होती. हातात पिशवी नव्हती, म्हणजे बाजाराला आलेली नव्हती. चारचौघांसारखी रांगेत नंबर लावून उभी होती.

त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मुलगी वाट बघून “थँक्यू” म्हणून उठली. बायको पुढं आली आणि स्टुलावर बसली.

“अगं, तू इथं कशाला? घरी बोलू ना.”

“घरी तुम्ही बोलत नाही.” तिचा आवाज चढलेला नव्हता. “स्टुलावर बसलेल्याला उत्तर द्यायचं, असा तुमचा नियम आहे ना? मी बसले आहे.”

“लोक बघताहेत.”

“बघू देत. त्यानं काय विचारलं होतं तुम्हाला?”

काय बोलला, असं नाही, काय विचारलं. ती बाहेर उभी राहून काचेतून फक्त बघत नव्हती, मुलगा काहीतरी विचारतोय हे तिला समजलं होतं. नवरा कुणाचा प्रश्न ऐकताना मान कशी कलती करतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. काचवाल्यांनी जगमधलं पाणी पेल्यात ओतलं, पण प्यायले नाहीत.

“त्यानं आधी चेष्टा केली,” ते म्हणाले. “म्हणाला, बाबा, स्टूल रिकामं आहे का?”

ती स्टुलावरून पुढं वाकली.

“मग म्हणाला, मला हल्ली रात्री हात जोडावेसे वाटतात. पण ती भीती आहे, बाबा. दुसरं काही नाही. बरा होतो तेव्हा कधी देवाची आठवण काढली नाही. आता मरायच्या भीतीनं हाक मारली, तर त्याला चालेल का?”

रांगेत उभा असलेला एक म्हातारा हळूच बाजूला सरकला आणि चपलांच्या दुकानाकडं गेला.

“तुम्ही काय सांगितलंत?”

काचवाल्यांचे हात टेबलावर होते. काचा घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, त्यांनी ती एकमेकांत अडकवली.

“मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. उद्या नीट सांगतो.”

एक बस आली, माणसं चढली, बस गेली. बायकोला ऐकू आलं होतं, पण ते आत जायला वेळ लागत होता.

“तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं?”

“होतं,” ते म्हणाले. “येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला तो चोर. मरता मरता आठवण ठेव म्हणाला, आणि येशूनं त्याला आजच्या आज स्वर्गात बरोबर घेतलं. रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही येतं ते. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.”

“मग?”

“तुला तो ठाऊक आहे. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत खोट काढायचा. मला वाटलं, म्हणेल, त्या चोरानं आपला गुन्हा कबूल केला होता, बाबा, माझी तर नुसती भीती आहे. मग मी काय सांगणार होतो? इतक्या वर्षांनी त्यानं तोंड उघडलं होतं. मला अर्धवट काही द्यायचं नव्हतं. पक्कं द्यायचं होतं, त्याला खोडता येणार नाही असं. आणि खरं सांगू का? मला आनंद झाला होता. माझ्या मुलानं किती नेमका प्रश्न विचारला म्हणून आनंद झाला होता. घरी येऊन मी वाचत बसलो. उत्तर तयार झालं होतं गं. अगदी तयार होतं.”

“तो काय म्हणाला?”

“बरं, म्हणाला. उद्या.”

बायकोनं डोळे मिटले. एवढे दिवस तिला वाटत होतं, की नवरा काहीतरी वाईट लपवतोय. मुलगा शेवटी देवाला नाही म्हणाला असेल, बापाला टाकून बोलला असेल. त्याला ती तयार होती. मुलगा दारापर्यंत आला होता आणि घरातल्या माणसानं त्याला उद्या ये म्हटलं, याला ती तयार नव्हती.

“भुकेल्या पोराला उद्या नीट वाढते, असं मी कधी म्हटलं नाही,” ती म्हणाली. “जे असेल ते पुढं ठेवलं. शिळं ठेवलं, करपलेलं ठेवलं.”

“हो.”

“मला तुमच्याइतकं शास्त्र येत नाही. मी असते तर ‘चालेल’ म्हटलं असतं. तेवढंच. त्यानं खोट काढली असती, तरी पुन्हा ‘चालेल’ म्हटलं असतं.”

“हो,” काचवाले पुन्हा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “रागावलीस माझ्यावर?”

“खूप. हा राग जाईल असं वाटत नाही मला.” तिनं हाताच्या पाठीनं गाल पुसले. “तो त्या रात्री कसा झोपला असेल, हेच डोळ्यांपुढं येत राहील. उद्याची वाट बघत.”

एवढ्या वर्षांत या टेबलामागं बसून काचवाल्यांनी दुःखाबद्दल, मरणाबद्दल, नरकाबद्दल विचारणाऱ्यांना रिकाम्या हातानं कधी पाठवलं नव्हतं. आता समोर स्वतःची बायको रडत होती आणि त्यांना एक ओळ सुचत नव्हती. ते रडू लागले. उघड्यावर, पाटीमागं बसून, तोंड न झाकता रडू लागले. चपलांच्या दुकानाचा मालक आत निघून गेला आणि त्यानं रांगेतल्या म्हाताऱ्यालाही आत बोलावून घेतलं.

बायको उठली नाही. ती म्हणाली, “तयार केलं होतंत ना उत्तर? सांगा.”

“आता काय उपयोग?”

“मी विचारत नाही, तो विचारतोय. त्याला उद्या म्हणाला होतात. सांगा त्याला.”

काचवाल्यांनी बायबल जवळ ओढलं. त्या रात्री घातलेल्या खुणेच्या पट्ट्या अजून तशाच होत्या. पहिल्या पट्टीवर त्यांनी बोट ठेवलं, पान उघडलं आणि पुस्तक मिटून बाजूला सारलं.

“चालेल रे,” ते म्हणाले.

“मोठ्यानं सांगा,” ती म्हणाली. “औषधांनी शेवटी शेवटी त्याला ऐकू कमी यायचं.”

काचवाले टेबलाला धरून उभे राहिले.

“चालेल, बाळा,” भर रस्त्यात ते ओरडून म्हणाले. “भीती वाटते म्हणून आलास तरी चालेल.”

बसथांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. ती स्टुलावर तशीच बसून होती, कान देऊन.