अमावस्येचे मिस्ड कॉल

राजेश्वरी नेमकं काय काम करते हे तिसगावात कुणालाच धड सांगता यायचं नाही, आणि याचं खापर ती गावावर फोडायची. दिल्लीत बरं होतं. तिथं टेलिकॉम पॉलिसी म्हटलं की समोरचा निदान मान तरी डोलवायचा. नवऱ्याला, हर्षलला, पाथर्डीच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तिने कंपनी सोडली, सासरच्या घरी माडीवर टेबल टाकलं आणि स्वतंत्र सल्लागार झाली. मोबाईलचा एखादा नवा नियम करायचा तर सरकार आधी विचारतं, तुमचं म्हणणं काय? कंपन्या आपलं म्हणणं राजेश्वरीकडून लिहून घ्यायच्या. ती लिहायचीही सुरेख. प्रत्येक मुद्द्याच्या दोन्ही बाजू मांडायची आणि खोटं वाक्य एकही लिहायची नाही. त्याचा तिला भारी अभिमान होता.

सासूबाई रतनबाई मात्र पाहुण्यांना सांगायच्या, "थोरली वर कंप्युटरवर असती." आणि लगेच पुढे, "थांबा, मोनिकाला हाक मारते."

मोनिका धाकटी जाऊ. दहावी झालेली, ओटीवर बसून ब्लाउज शिवायची, आणि गावातल्या निम्म्या बायका तिच्या मशीनपाशी बसलेल्या असायच्या. राजेश्वरी पाणी प्यायला खाली आली की त्या जरा सावरून बसायच्या आणि ती वर गेली की पुन्हा खिदळायच्या. हे खिदळणं तिला माडीवर ऐकू यायचं. तिचं पोट दुखायचं ते इथे.

त्यातही अमावस्या आली की तिला घरात बसवायचं नाही. दिवाळी झाली की ऊस तोडायला जोडपी निघायची. सोबत फोन एकच जायचा, तो नवऱ्याचा. बाईचं सिम घरी पडून राहायचं, आणि महिनोन् महिने वापर नसला की नंबर बंद व्हायचा. बँकेत, बचत गटात तर तोच नंबर दिलेला. म्हणून बायका जाताना आपलं सिम मोनिकाच्या हवाली करायच्या. ती एकेक सिम टिकलीच्या रिकाम्या पाकिटात घालायची, वर नाव लिहायची आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. मग दर अमावस्येला, मशीन बंद असायचं त्या दुपारी, आपल्या फोनवरून रिचार्ज मारायची, सिम जुन्या बटणांच्या फोनात घालायची आणि सासूला मिस्ड कॉल द्यायची.

रतनबाई पाय पसरून बसायच्या. फोन वाजला की चष्मा वर करून म्हणायच्या, "चांगुणा जित्ती हाय. फुडची घे." पुन्हा वाजला की, "ही झुंबरबाई. बया, हिचा फोन बी हिच्यावानीच बोंबलतो!" आणि दोघी पोट धरून हसायच्या.

राजेश्वरीसोबत सासू अशी कधी हसली नव्हती. मोबाईल हा तिचा प्रांत, त्यात तिची हयात गेलेली, आणि त्याच मोबाईलवरून सासूची मर्जी मिळवत होती ही शिवणवाली! पौष अमावस्येला तिच्याने राहवलं नाही. ती जिना उतरली.

"मोनिका, दुसऱ्याच्या नावाचं सिम असं वापरणं कायद्यात बसत नाही. कुणी तक्रार केली तर पोलीस तुला विचारतील."

हे अगदीच खोटं नव्हतं. मोनिकाच्या हातातलं पाकीट खाली पडलं.

"अगं बाई. मग सिम न लावता नुसतं रिचार्ज मारलं तर, ताई? तेवढ्यानं बी नंबर राहतोच की."

याचं उत्तर सोपं होतं. मार की, कुणीही कुणाचंही मारावं. एवढं म्हटलं असतं तर नंबर राहिले असते, आणि पुढच्या अमावस्येला मोनिका तिथेच बसली असती. राजेश्वरीने सासूकडे पाहिलं. रतनबाईंचा हात मोनिकाच्या गुडघ्यावर होता.

"दुकानदाराला त्याचा परवाना असतो," ती म्हणाली. "तुझ्याकडे आहे?"

"न्हाई वो."

"मग डबा इकडे दे. मी वरच्या लोकांशी बोलून घेते."

मोनिकाने तो दोन्ही हातांनी दिला. "बरं झालं बाई, घरातच जाणतं माणूस हाय," असं म्हणाली वर.

डबा कपाटात साड्यांच्या मागे गेला. वरचे लोक कोण, ते राजेश्वरीलाच ठाऊक. दोन-तीनदा तिच्या मनात आलं, आपणच गुपचूप रिचार्ज मारून टाकावं. पण मग ते हसणं आठवायचं आणि कपाट बंदच राहायचं. पुढच्या अमावस्येला घर गप्प होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी तिची झोप फार छान झाली.

उन्हाळ्यात जोडपी परतली. राजेश्वरीने डबा मोनिकाला परत दिला, वर काही जमलं नाही एवढंच म्हणाली. चांगुणाने सिम फोनात घातलं तर फोन मुका. झुंबरबाईचं तेच, बाकीच्यांचंही तेच. चांगुणा बँकेत जाऊन आली, अंगठा देऊन आली, पुन्हा गेली आणि शेवटी ओटीवर येऊन मोनिकाला टाकून बोलली, "तुझ्या भरवशावर गेल्तो आमी!"

मोनिकाने मान खाली घातली. "ताईंनी वरपर्यंत बोलून बघितलं, पर न्हाई जमलं. आन् त्या नसत्या तर मी जेलात गेले असते, चांगुणाबाई."

माडीवर राजेश्वरीने यातला शब्दन् शब्द ऐकला. तिला लाज वाटली. पण त्या दिवसापासून ओटीवरची गर्दी पांगली, आणि लाजेच्या शेजारी आणखी काहीतरी ऊबदार येऊन बसलं, ते तिने हुसकून लावलं नाही.

मग एका सकाळी ती खाली स्वयंपाकघरात चहा घेत होती तेव्हा रतनबाई आपला फोन घेऊन तिच्यासमोर आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"राजेश्वरी, माझं रिचार्ज संपलंय बघ. आधी मोनिकाच मारायची. आता ती कुनाच्या नंबरला हात लावत न्हाई, भेती. तू जाणती हाईस. तुला जमंल का?"

राजेश्वरीला इतका आनंद झाला की तिने कप खाली ठेवताना चहा सांडला. "त्यात काय आई! द्या इकडे. नाही, राहू द्या तुमच्याच हातात, नंबर पाठ आहे मला." तिने आपल्या मोबाईलवर बोटं फिरवली, वर्षभराचं मोठं रिचार्ज निवडलं आणि दाबलं. रतनबाईंच्या हातातला फोन टुंग करून वाजला.

"झालं?"

"झालं. एवढंच तर असतं."

मागून पातेल्याचा आवाज आला. मोनिका दूध घेऊन दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. पातेलं तिने हळूच ओट्यावर ठेवलं.

"ताई," तिने विचारलं, आवाज न चढवता, अगदी ब्लाउजचं माप विचारावं तसं, "तुमच्याकडं परवाना हाय?"

दोन्ही बाजू मांडून पोट भरणाऱ्या बाईला एक बाजू सापडेना.  सासू तिच्याकडे बघत होती. तिने सांडलेला चहा पुसायला घेतला.

"तुमी असं कराल, मला वाटलंच नव्हतं," मोनिका म्हणाली. "मी तर चांगुणाच्या शिव्या तुमच्या नावानं गोड करून घेतल्या." ती ओटीवर गेली. मशीन सुरू झाल्याचा आवाज काही आला नाही.

रतनबाईंनी हातातल्या फोनकडे बघितलं. मग त्यांनी तो राजेश्वरीसमोर टेबलावर सरकवला.

"हे माघारी घेता येतं का गं?"

"काय, आई?"

"हे तू आत्ता मारलंस ते."

"नाही येत," राजेश्वरी म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे फोन तुझ्यापाशीच," असं म्हणून त्या उठल्या, आणि मोनिकाला हाक मारत ओटीवर गेल्या.