कापडावरचे बूट

"अगं बाई, केलंस काय हे!" फुजिनो सभागृहाच्या अंगणात आली आणि मटकन खालीच बसली.

समोर तिची शेजारीण किनुए केरसुणी घेऊन उभी. अंगणातलं कापड कसं लख्ख पांढरं! जन्माची सवय, राख दिसली की हात चालू. साकुराजिमा ज्वालामुखीच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईला डोंगराने टाकलेली राख सकाळी तशीच ठेवता येते होय?

पण ही राख झाडायचीच नव्हती. शहरातून आलेल्या चिहारू नावाच्या चित्रकार मुलीने ते कापड मुद्दाम अंथरलं होतं. डोंगराजवळ कसं जगलात, ते सांगणारी एकेक वस्तू प्रत्येकाने त्यावर ठेवायची. भोवती राख पडेल, वस्तू उचलली की तिचा पांढरा ठसा उरेल, मग राख पक्की चिकटवून कापड कायमचं सभागृहात लागेल. कुणी डोंगरातून उडणाऱ्या दगडांसाठी शाळेत घालायचं हेल्मेट ठेवलं, कुणी छत्री. किनुएने नवऱ्याचे संत्र्याच्या बागेतले रबरी बूट ठेवले. नवऱ्याला, सादाकिचीला, जाऊन वर्ष झालं होतं, आणि रविवारी ती मुलाकडे ओसाकाला निघाली होती, कायमची. आपण गेल्यावर ह्यांचं इथे काहीतरी राहावं, एवढीच तिची इच्छा. आणि तिनेच सगळ्यांच्या वस्तू उचलून, पुसून भिंतीशी मांडून ठेवल्या होत्या!

"पडेल हो आजी पुन्हा," चिहारू म्हणाली. आवाज मात्र रडवेला.

"कुठली पडतेय! वारा फिरलाय. आता सगळी शहरावर जाणार," किनुए म्हणाली. "जन्मभर नको नको म्हटलं तर ताटात पडली मेली, आणि आता..."

फुजिनो गुडघ्यांवर हात टेकून उठली. "राखेला काय तोटा आपल्या गावात?" ती तरातरा कोपऱ्यावर गेली आणि पालिकेच्या गाडीसाठी ठेवलेली राखेची पिवळी पिशवी ओढत आली. "घे, माझ्या कौलांवरची आहे. एक नंबर माल!"

बघता बघता चार घरच्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन आल्या. पिठाच्या चाळण्या आल्या. वस्तू पुन्हा मांडल्या. चिहारू आधी नुसती बघत राहिली, मग तिनेही एक चाळणी उचलली.

"किनुए, चपला काढ. बुटांशेजारी उभी राहा," फुजिनोने हुकूम सोडला.

"मी कशाला? मी तर चालले."

"म्हणून तर!"

किनुए अनवाणी उभी राहिली. जागा पुरेना, तशी बुटांना म्हणाली, "सरका हो जरा." बायका खो खो हसल्या. तिच्या पायांवर, बुटांवर राख भुरभुरत राहिली.

मग तिने पाय उचलले, बूटही उचलले. मोठ्या ठशांशेजारी दोन लहान पांढरी पावलं उमटली होती, त्यांच्याकडे वळलेली.

"वाकडेच गं पाय तुझे," फुजिनो म्हणाली, आणि तिलाच हुंदका आला.

बूट पोटाशी धरून किनुए कापडाकडे बघत उभी राहिली.