मेणात राहिलेला फिरोज

फिरोज गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. कामथडीच्या कबरस्तानात त्याच्या बापाने, नूरुद्दीनने, त्याला एकट्यानेच उचललं, इतका तो हलका झाला होता. पाचव्या-सहाव्या वर्षी पोर चालता चालता पडायला लागलं, अकराव्या वर्षी पाय थांबले, मग हात आणि शेवटी श्वास. त्याची आई खुर्शिदा हिचा एक भाऊही लहानपणी असाच गेला होता.

सात वर्षांनी, २००३ साली, त्याच्या बहिणीला, भोरला दिलेल्या यास्मिनला, दिवस राहिले. खुर्शिदा लेकीला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "मुलाच्या पायातला मांसाचा तुकडा तपासायला काढला होता का?"

"व्हय, पोटरीचा. अठ्ठ्याऐंशी साली, हितंच."

मग बाईंनी समजावलं. हा आजार आईकडून मुलाला जातो. मुलीला तो सहसा होत नाही, पण ती पुढे देऊ शकते. यास्मिनच्या पोटात मुलगा असला, तर त्याला आजार आहे का ते कळेल. पण त्याआधी फिरोजमध्ये नेमकं काय बिघडलं होतं ते सापडायला हवं.

"तो तुकडा मेणात बसवून ठेवतात. तळघरात असेल."

बाहेर बाकावर बसल्यावर खुर्शिदा म्हणाली, "म्हंजी माझं पोर समदं पुरलंच न्हाई?"



जुन्या केसपेपरवरच्या नंबराने चार दिवसांनी तुकडा सापडला. पिवळट मेणात नखाएवढा करडा ठिपका. पंधरा वर्षांपूर्वी तो कुजू नये म्हणून आधी फॉर्मॅलिनच्या द्रावणात ठेवलेला, त्यामुळे आतल्या डीएनएचा पार भुगा झालेला. त्याच्या पहिल्या पातळ कापातून काही निघालं नाही. दुसऱ्यातूनही नाही. इकडे यास्मिनचे आठवडे भरत होते. तिसऱ्या वेळी प्रयोगशाळेतल्या लोकांनी तीन दिवस तो काप औषधात विरघळू दिला आणि फक्त बारीक बारीक तुकडेच शोधले. तेव्हा सापडलं. एका जनुकाचे तीन भाग फिरोजमध्ये नव्हतेच.

मग यास्मिनच्या गर्भाचा नमुना घेतला. आठ दिवसांनी बाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, फरहानला, समोर बसवलं.

"बाळाला तोच आजार आहे. त्याच्यातही तेच तीन भाग नाहीत."

"पक्कं?" फरहानने विचारलं.

"पक्कं."

घरी आल्यावर खुर्शिदा भिंतीला टेकून बसली. "माझ्याकडनंच आलं हे. आधी त्याला, आता तुला."

"अम्मा, तू काय मुद्दाम दिलंस का?" यास्मिन म्हणाली. मग तीच पुढे बोलली, "भाईला कुशीवर वळवायचं काम माझ्याकडं व्हतं. शेवटी शेवटी तो म्हणायचा, यास्मिन, आता नको वळवू, दुखतंय. तरी मी वळवायचे. ते परत न्हाई व्हायचं माझ्याच्यानं."

फरहानने तिचा हात धरला. सोमवारी ती दवाखान्यात दाखल झाली आणि बुधवारी रिकामी परत आली.

महिन्याभराने खुर्शिदा एकटीच पुण्याला गेली. "तुमचं काम झालं आसंल तर माझ्या पोराचं ऱ्हायलेलं द्या. मातीत ठेवते."

बाईंनी मेणाचा तुकडा आणून तिच्या तळहातावर ठेवला. आता कागदासारखी पातळ चकती उरली होती. "सही करून न्या. तुमचा हक्क आहे. पण तुमची धाकटी मुलगी आहे ना? पुढे तिच्या वेळी ताडून बघायला हा असला तर बरं पडेल."

धाकट्या फिजाचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. खुर्शिदाने तो तुकडा बराच वेळ हातात धरला. अंगठ्याने मेण पुसलं आणि परत दिला.

"ऱ्हाऊ द्या. पर नीट ठेवा."

कामथडी फाट्यावर एसटी थांबली. नूरुद्दीन उभाच होता.

"आणलंस?"

"न्हाई. फिजाला लागंल."

नूरुद्दीनने सकाळीच फिरोजच्या कबरीच्या उशाशी वीतभर खड्डा करून ठेवला होता. बायकोला घरी सोडून, फावडं घेऊन तो खड्डा बुजवायला गेला.