बिनचूक मोजणी

“काका, पाकिटाकडे टक लावून बघू नका. आधी बीपी, मग पाकीट,” मी म्हटलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला.

“बाई, त्याआधी मला एक सांगायचंय.”

“सांगा की. तोंडाला कुठे पट्टा बांधलाय मी?”

एरवी या वाक्यावर बाइंडरकाका हसले असते. आज हसले नाहीत. खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते, कुणी हाक मारली की उठून पळतील असे. चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला हा माणूस, याचं सगळं कसं काटकोनात असायचं. आज शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मी या हृदयाच्या संशोधनातली नर्स. तीन वर्षं आमच्याकडे एका नव्या गोळीची परीक्षा चालली होती, कमजोर हृदयाच्या लोकांसाठी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तश्शीच दिसणारी पिठाची. कुणाला कोणती, हे कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. ते ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरांना, ना मला. आता संशोधन संपलं होतं आणि ज्याला जी मिळाली ती ज्याच्या त्याच्या नावाच्या बंद पाकिटातून आज कळणार होती. दर तीन महिन्यांनी लोक बाटली परत आणायचे, मी ती ट्रेमध्ये ओतून उरलेल्या गोळ्या मोजायचे आणि किती खाल्ल्या ते लिहायचे. म्हणून लोकांनी माझं नाव मोजणीबाई ठेवलं. तोंडावर बाई म्हणायचे, पाठ फिरली की मोजणीबाई. मला काय, दोन्ही ऐकू यायचं.

आता माणूस म्हटलं की गोळी चुकणारच. कुणाच्या चार जास्त उरायच्या, कुणाच्या अकरा. एका आजींनी तर मांजरावर ढकललं होतं. बाइंडरकाकांच्या बाटलीत मात्र दर वेळी वीस. दोनशेची बाटली, दिवसाला दोन, नव्वद दिवस, उरल्या वीस. एकोणीस नाहीत की एकवीस नाहीत. मी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक करायचे, “बघा जरा काकांकडे! शिका काहीतरी!” ते मान खाली घालायचे. मला वाटायचं, लाजतात. इतकी वर्षं या कामात काढली, पण इतकं बिनचूक कुणी नसतं हे मला तेव्हा सुचलं नाही. कौतुक करायला मिळालं की माझी अक्कल चरायला जाते.

“सांगा,” मी फुगा दाबत म्हटलं.

“त्या गोळ्या मी खाल्ल्या नाहीत.”

“मधे मधे चुकल्या असतील हो, त्यात काय एवढं.”

“एकही नाही, बाई. सगळ्या तिला दिल्या.”

माझा हात थांबला. पट्ट्यातली हवा फुस्स करून निघून गेली.

तिला म्हणजे काकूंना. काकूंचं हृदय काकांपेक्षाही कमजोर होतं. दोघं एकाच दिवशी निवडीसाठी आली होती, याच खोलीत, शेजारी शेजारी बसली होती. काका घेतले गेले, काकू नाही. त्यांच्या किडन्या आधीच थकलेल्या आणि ही गोळी तशा किडनीला झेपणार नाही, अशी भीती होती. मीच सांगितलं होतं त्यांना. काकू म्हणाल्या होत्या, “बरी सुटले! आधीच मूठभर गोळ्या गिळते, त्यात तुमच्या कशाला?” आणि मलाच टाळी द्यायला हात पुढे केला होता. काका मात्र त्यांच्याकडेच बघत बसले होते.

“दुसऱ्या डबीत भरून ठेवायचो,” काका सांगत होते. “तिला म्हटलं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी नवी लिहून दिलीय. तिनं कधी विचारलं नाही, चिठ्ठी दाखवा म्हणून. माझ्यावर विश्वास होता हो तिचा.”

“अहो काका, तुम्हाला काही कळतं का?” माझा आवाज चढला. “ती काय खडीसाखर होती वाटायला? त्यांना नाही म्हटलं ते काय उगाच? मी घसा कोरडा करून सांगितलं होतं ना?”

“सांगितलं होतंत.”

“मग?”

“दोघांत एकालाच मिळणार, म्हटल्यावर मी कशी खायची?”

मी पट्टा काढला. बीपी किती होतं ते बघायचंच राहिलं.

सगळं डोळ्यांसमोर येत गेलं. एकदा आमची लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मोजणीच्या वेळी, आणि काकू दोन जिने चढून वर आल्या होत्या. त्याआधी लिफ्टपासून खोलीपर्यंत येतानासुद्धा भिंतीला धरून उभ्या राहायच्या. मी थट्टेनं म्हटलं होतं, “काय हो काकू, काकांची गोळी तुम्हीच लंपास करता वाटतं!” काकू खळखळून हसल्या होत्या. काका खिडकीबाहेर बघत होते. माझ्या तोंडून खरं निघून गेलं होतं आणि मलाच ते ऐकू आलं नव्हतं.

चौदा महिन्यांनी काकू गेल्या. पायांवर सूज चढली, मग किडन्या बंद पडल्या, दवाखान्यात नऊ दिवस. त्यानंतर काका आले तेव्हा बाटलीत वीसच्या जागी शहात्तर गोळ्या होत्या. छप्पन जास्त, म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या. काकूंना जाऊन बरोबर अठ्ठावीस दिवस झाले होते. मी कारणाच्या रकान्यात ‘घरी दुःख’ असं लिहिलं आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवला. पुढच्या दोन बाटल्या तर सील न तोडता परत आल्या. तेव्हाही मी त्यांना रागावले आणि सोडून दिलं. बाटली बिचारी ओरडून सांगत होती, पण मला मोजता येतं, समजत नाही.

“दवाखान्यातसुद्धा दिली मी,” काका म्हणाले. “नर्स पाठमोरी झाली की हळूच. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा. तिला गिळवत नव्हतं, तर चुरून पाण्यातून दिली.” मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “तिची किडनीच गेली ना, बाई. तुम्ही म्हणाला होतात तस्संच झालं. आठ महिने मला दुसरं काही सुचत नाही. मुलगी फोन करते, मी उचलत नाही, तोंडातून निघून जाईल म्हणून. त्या पाकिटात काय आहे ते बघून एकदाच सांगा. मी मारली का तिला?”

पाकीट बंद होतं. आतलं मलाही माहीत नव्हतं. पेशंटसमोर उघडायचं आणि वाचून दाखवायचं, असा नियम. सकाळपासून मी नऊ पाकिटं उघडली होती, शेंगा फोडाव्यात तशी. या दहाव्याला हात लावायची मला भीती वाटली. खरी निघाली तर? तर मी काय बोलू या माणसाला? खोटं बोलेन, असंही एकदा मनात आलं, खोटं कशाला सांगू. मोठ्या डॉक्टरांना बोलवावं, असंही वाटलं. पण काका माझ्या हाताकडे बघत होते. मी पाकीट फाडलं.

एकच ओळ होती.

“पिठाची!” मी जवळजवळ किंचाळलेच. “काका, पिठाची होती हो! औषध नव्हतंच त्यात! त्यांच्या किडनीला तुमच्या गोळीनं काडीचाही धक्का लागलेला नाही. तो आजारच तसा होता, काका. तुमच्या हातून काही वाईट झालं नाही!”

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. एवढा आनंद मला माझ्या मुलाच्या निकालाच्या वेळीही झाला नव्हता. मला वाटलं, आता काका रडतील, मोकळे होतील, मी पाणी देईन, घरी जातील, मुलीचा फोन उचलतील.

त्यांनी हात पुढे करून कागद मागितला. ओळीखाली बोट धरून वाचला. परत वाचला.

“पिठाची,” ते म्हणाले.

“हो.”

“चौदाही महिने?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग ती जिने कशावर चढली?”

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“तुम्ही बघितलंत ना तिला? बाजारात जायची एकटी. आधी तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपायची, ती आडवी झोपायला लागली. मला मध्येच जाग यायची, तर ती शांत झोपलेली. बघत राहायचो. म्हणायचो, ही झोप मी दिलीय हिला.” त्यांचा आवाज चढला नव्हता, तो हळूहळू बारीकच होत गेला. “ती गेल्यावर वाटायचं, मी मारली. पण मग असंही वाटायचं, की मारली असेल, पण त्याआधी चौदा महिने दिले ते पण मीच ना? त्याच्यावर दिवस काढले, बाई. आता तुम्ही म्हणता मारली नाही. म्हणजे दिलं पण नाही.”

मी खूप बोलले मग. म्हटलं, काका, आमच्याच अभ्यासांत दिसलंय, वेळच्या वेळी गोळ्या घेणारी माणसं जास्त टिकतात, गोळी पिठाची असली तरी. या नव्या गोळीच्या निमित्तानं तुम्ही त्यांच्या बाकीच्या गोळ्याही सकाळ-संध्याकाळ हातावर ठेवत होतात की नाही? मीठ कमी, पाणी मोजून, सगळं सांभाळलंत की नाही? त्यानंच त्या चढल्या. खरंच बोलत होते मी, समजूत घालायला नाही.

“असेल,” ते म्हणाले. डॉक्टरांसमोर म्हणतात तसं, मान देऊन.

काम तर पुरं करायलाच हवं होतं. संशोधनाचा निकाल चांगला लागला होता. खरी गोळी घेणाऱ्यांत दवाखान्यात भरती व्हायची वेळ कमी जणांवर आली होती. म्हणून पिठाची मिळालेल्या सगळ्यांना आता वर्षभर खरी गोळी द्यायची, आणि पहिली माझ्यासमोर घ्यायची, असं ठरलं होतं. मी बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“ही खरी?”

“खरी.”

“आज ती असती, तर तिला चालली असती?”

“नाही, काका. तशा किडनीच्या लोकांना अजूनही देत नाहीत.”

त्यांनी मान हलवली. मी झाकण काढून एक गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि ग्लास दिला. ते तिच्याकडे बराच वेळ बघत बसले. मी घाई केली नाही. बाहेर तीन जण ताटकळत होते, म्हटलं ताटकळू देत.

मग त्यांनी ती जिभेवर ठेवली आणि तशीच धरून ठेवली. कितीतरी वेळानं पाण्याचा घोट घेतला.

“फार तोंड वाकडं करायची ती,” ते म्हणाले. “म्हणायची, कडू जहर आहे तुमची ही गोळी, रोज काय मागे लागता? मी चिमूटभर साखर द्यायचो वरून, लहान मुलाला देतात तशी.” त्यांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. “कडू नाहीये हो ही. काहीच लागत नाही.”

“दोन्ही सारख्याच असतात, काका. चवीलासुद्धा.”

“म्हणजे साखरेसाठीच नाटक करायची. चौदा महिने तिला देत होतो,” ते म्हणाले, “आणि एकदा चाखूनसुद्धा बघितली नाही. म्हटलं, तेवढी तिची कमी होईल.”

मी ग्लास पुन्हा भरून दिला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला.