पळस डाव्या हाताला

रुमालाच्या कोपऱ्याला गाठ होती आणि उद्धव ती खिशातल्या खिशात अंगठ्यानं दाबत परभणीच्या स्टँडवर उभा होता — सुमंगला त्याच्या प्रत्येक रुमालाला अशी गाठ मारून ठेवते, हरवू नये म्हणून म्हणते. गाठ मारल्यानं रुमाल हरवायचा कसा थांबतो हे एकोणतीस वर्षांत त्यानं विचारलेलं नाही — आणि काल जेवताना आपण जे बोलून बसलो ते त्या गाठीसारखंच मधेमधे बोटाला लागत होतं. "पळस मला कुणी शिकवू नये. जिंतूर रोडचा पळस मी डोळे झाकून दाखवतो."

डोळे झाकूनच दाखवावा लागणार होता.

कारण उद्धवला लाल दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण लाल आणि हिरवं एकच दिसतं, ओल्या पोत्यासारखं. पिवळं दिसतं, निळं दिसतं. चौथीत त्यानं लाल पोपट काढला होता, चोच हिरवी, आणि गुरुजींनी तो सगळ्या वर्गात फिरवला — पोपट नाही, उद्धव. त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "कुणापाशी बोलू नको. नोकरी लागणार न्हाई अन् पोरगी कोण देणार न्हाई." तो बोलला नाही. शाळेत क्लार्कची नोकरी लागली. पोरगीही मिळाली. कोणती मिळाली, हा भाग वेगळा...

तो भाग आत्ता बाकड्यावर बसून शेंगा खात होता. दोघी होत्या — सुमंगला, आणि तिची चुलतबहीण राजेश्री, पाथरीहून चार दिवसांसाठी आलेली. शिवरात्र झालेली, हवा बरी, कुठंतरी एक दिवस फुलं बघायला जाऊ, एसटीनं जाऊ, दिवस मावळायच्या आत परत, एवढंच काल ठरत होतं. उद्धवनं करडई सुचवली होती. पेडगावकडं अजून पिवळी धमक उभी आहे म्हणाला. "करडई?" राजेश्री म्हणाली, "काट्यात साड्या फाडून घ्यायच्या का, दाजी? पळस बघू. का तुमाला पळस वळखू येत नाही?" एवढ्यावर तो फुशारला. पन्नाशी उलटलेला माणूस, जिन्यात दम लागतो, पण राजेश्री हसली की जीभ सुटते... एकोणतीस वर्षांपूर्वीही ती हसलीच होती.

तेव्हा पोह्यांचा ट्रे तिच्या हातात होता. नियमानं तो नवरीच्या हातात असतो. पण नवरीचे हात कापत होते म्हणून ट्रे चुलतबहिणीनं धरला, आणि नवरी मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली, नजर फरशीवर. हे नंतर कळलं. ट्रेवाली म्हणाली, "लिंबू पिळू का अजून?" आणि हसली, आणि उद्धव बसल्या जागी खलास झाला. बाहेर आल्यावर मामांनी विचारलं, "लाल साडीतली मुलगी. पसंत हाय का?" एक लाल होती, एक हिरवी होती, त्याच्या लेखी दोन्ही ओलं पोतं. मी कशाला विचारतोय कोणती लाल? ट्रे जिच्या हातात तीच नवरी, हे शेंबडं पोरगंही सांगेल. "पसंत आहे," तो म्हणाला. आणि महिन्याभरानं अंतरपाट खाली आला तेव्हा समोर तांब्यावाली.

सुमंगला वाईट निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला कधीकधी वाटतं. ती लय चांगली निघाली. म्हणून तर हे पोटातच राहिलं.

आणि आज दोघींनी ठरवून ट्रंकेतल्या त्याच साड्या काढल्या होत्या. पळसाखाली फोटो काढायचा म्हणून. ऊन लागू नये म्हणून दोघींनी पदर तोंडाभोवती गुंडाळलेले, डोळे तेवढे उघडे. तो शेंगांच्या टरफलांवरून ओळखत होता — राजेश्री खाली टाकते, सुमंगला पिशवीत.

बस लागली. लोक तिला लाल परी म्हणतात. उद्धव तिला आवाजावरून ओळखतो. लोटालोटी सुरू व्हायच्या आत त्यानं खिडकीतून रुमाल आत टाकला, दोघींसाठी बाकडं धरलं, आणि दारातून घुसून पोचतो तर बाकड्यावर एक जाडे गृहस्थ, आणि त्यांच्या हातात रुमाल.

"हा माझा हाय," गृहस्थ म्हणाले. "तुमचा तो खाली पडलेला आसंल."

"हाच माझा आहे."

"मग रंग सांगा की."

रुमाल त्यांनी मुठीत दाबून धरला होता. खालीही एक पडला होता. मागची रांग थांबली. कंडक्टर वळून म्हणाला, "सांगा ना काका, रंगच विचारायलाय ना, सात-बारा न्हाई मागायला." उद्धवला कळेना, लाल म्हणावं की हिरवा म्हणावं, सकाळी बघून तरी काय कळणार होतं, आणि राजेश्री नेमकी मागं उभी, पदरातून डोळे बारीक करून. त्यानं तोंड उघडलं. काय निघणार होतं ते त्यालाही माहीत नव्हतं.

"कोपऱ्याला गाठ आहे बघा," सुमंगला मागून म्हणाली. "गाठीचा त्यांचा."

गृहस्थांनी मूठ उघडली. गाठ होती. ते दोन बाकडी मागं गेले आणि जिंतूर येईपर्यंत पुरेल एवढं पुटपुटू लागले.

दोघी बसल्या, उद्धव त्यांच्या मागच्या बाकड्यावर. खिडकीशी सुमंगला, हे त्यानं नीट बघून ठेवलं. बस शहराबाहेर पडली आणि तो मनातल्या मनात शाळेतल्या लिंबाजी शिपायाचा धडा घोकू लागला. लिंबाजी तिकडचाच. "पूल वलांडला की मारुतीचा पार. पारापासून तिसरा फाटा. उतरायचं, पळस डाव्या हाताला. डोंगर पेटल्यावानी दिसतंय, सर, आंधळ्याला बी दिसंल." पूल, पार, तिसरा फाटा, डावा हात. यात रंग कुठंच नाही. निम्मं आयुष्य त्यानं असंच काढलं आहे. हेडमास्तरांचे लाल शेरे तो अक्षरावरून ओळखतो, आंबा वासावरून. घरी सुमंगला साड्यांना फॉल-पिको करते, रिळांची पेटी त्याच्या जवळ असते, आणि तिचं ते पाल्हाळ — लाल रीळ द्या, डावीकडून तिसरं. हिरवी पिशवी घ्या, खुंटीवरची. लाल झाकणाचा डबा, खालच्या फळीवरचा, चेपलेला. जणू शाळकरी पोराला सांगतेय. किती वेळा तो चिडला होता, एकदा सांगितलं की कळतं मला, म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडून तिसरं.

पूल आला नाही.

पुलाचं काम चालू होतं. बस रस्ता सोडून शेतातल्या कच्च्या वळणावर उतरली, धुरळा आत आला, सगळ्यांनी तोंडं झाकली, आणि वर आली तेव्हा भलत्याच बाजूनं वर आली. मारुतीचा पारही चुकला. तिसरा फाटा कुठून मोजायचा? तो पुढं वाकला आणि खिडकीशी असलेल्या पदराच्या कानाशी हळूच म्हणाला, "काल मला आवरायचं होतंस तू. हिच्यापुढं मी येड्यासारखा बोलतो, तुला माहिताय ना."

पदर वळला.

"कुणापुढं, दाजी?" राजेश्री म्हणाली.

मळमळतंय म्हणून तिनं मघाशी धुरळ्यात जागा बदलली होती. सुमंगला अलीकडं बसून समोर बघत होती. तिनं ऐकलं की नाही... एसटीचे पत्रे एवढे वाजत असतात की ऐकू येत नाही. आणि नेमकं जे ऐकू नये तेवढंच येतं. "इथंच!" उद्धव एकदम ओरडला. "इथं उतरायचं." कंडक्टरनं बाहेर बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं, आणि दोरी ओढली.

बस गेली. रस्ता, दगड, आणि डाव्या हाताला चढणीवर झाडं, निष्पर्ण, त्यांच्या शेंड्यांना मातकट झुबके. असेच असतात का? असतीलही. त्यानं हात लांब केला.

"बघा," तो म्हणाला.

वाऱ्यानं झाडं खडखडली — फुलं अशी वाजतात का? राजेश्रीनं पदर तोंडावरून खाली घेतला. ती हसेल आता, तो वाट बघत होता, हसली की संपलं. पण ती सुमंगलाकडं बघत होती.

"अगंबाई," सुमंगला म्हणाली. "काय लाल फुललाय."

त्यानं हात खाली घेतला. "मग? बोललो होतो ना."

"डोंगर पेटल्यावानीच. राजे, ये इकडं. फोटो काढा आमचा."

त्यानं फोटो काढला. दोन. तिसऱ्याला त्यानं दोघींना जरा जवळ सरकायला लावलं, रुबाबात, फोटोग्राफरसारखं. दशम्या खाल्ल्या, लोणचं खाल्लं. राजेश्री नेहमीपेक्षा कमी बोलत होती, फक्त एकदा म्हणाली, "दाजी, त्या दिवशी पोहे मी आणले होते, आठवतंय का?" — हे ती दरवर्षी म्हणते — आणि सुमंगला दशमी मोडत म्हणाली, "तिखट झाले होते. ह्यांना पाणी मी दिलं." बस एवढंच.

शेळ्या घेऊन एक म्हातारी वरून उतरली. चतुराबाई नाव, तिनंच सांगितलं, लोणच्याची फोड घेताना. मग तिनं तिघांकडं, दोन भारी साड्यांकडं, आणि मोबाइलकडं नीट बघितलं.

"काय बघायला आलाव?"

"पळस," उद्धव म्हणाला.

म्हातारी वळून चढणीकडं बघत राहिली. "हितं कुठला पळस? हे सागाचं रान हाय. वाळलाय, पानं लटकायलीत. पळस फुडं, दोन कोसावर, जिंतूरच्या अंगाला." आणि शेळ्यांना हाकत ती निघून गेली.

सुमंगला डब्याचं झाकण लावत होती. ते बसेना. तिनं ते काढून पुन्हा लावलं.

म्हणजे लाल काहीच नव्हतं. म्हणजे ती... त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, झाडांकडं बघितलं, कारण झाडांकडं बघणं आता फुकट होतं. रुमालाची गाठ. डावीकडून तिसरं. खुंटीवरची. चेपलेला. एकोणतीस वर्षं ती प्रत्येक रंगाच्या शेपटाला जागा बांधत आली आणि मी चिडत आलो. मी तिच्यापासून लपवत होतो, का ती माझ्यापासून? आणि कधीपासून? हा खरा प्रश्न. पहिल्या वर्षापासून असेल तर मामांचा प्रश्नही तिला ठाऊक असणार, लाल साडीतली पसंत हाय का — घरात ती गोष्ट दर दिवाळीला सांगतात — आणि लाल दिसत नाही अशा माणसानं पसंत कुणाला केलं असेल, हे जोडायला काय लागतं? फॉल लावणारी बाई, तिला जोडता येतं. अंतरपाट खाली आला तेव्हा माझा चेहरा तिच्या समोर होता. तिला तर सगळे रंग दिसतात. चेहऱ्याचेसुद्धा.

त्याला वाटलं होतं, कधी हे उघडं पडलं तर लाज वाटेल, नाहीतर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आपण सगळं आयुष्य एका खोलीत एकटे आहोत असं समजून वागत होतो आणि कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं होतं, निवांत, भाजी निवडत — असं काहीतरी. भीती होतीच. फक्त त्या भीतीनं तोंड फिरवलं होतं. आता ती कळण्याची भीती नव्हती, विचारण्याची होती. विचारावं का? आणि ती हो म्हणाली तर पुढं काय म्हणायचं? की पसंत तू नव्हतीस, पण आता... हे वाक्य पूर्ण कसं करतात?

"तू मघाशी लाल म्हणालीस," तो म्हणाला.

"मग काय म्हणू? तुम्ही एवढं आणलं," सुमंगला म्हणाली, आणि साडीची कुसळं झाडू लागली. राजेश्री लांब जाऊन उभी राहिली होती, पाठ करून, जिंतूरच्या अंगाला बघत.

बस आली, तिघांनी हात केला. आत गर्दी नव्हती. तो चढेपर्यंत दोघी दोन वेगवेगळ्या बाकड्यांवर बसल्या होत्या, पदर पुन्हा तोंडाला, शेजारी एकेक जागा रिकामी. उद्धव मधे दांडा धरून उभा राहिला. दोन ओली पोती. शेंगा संपल्या होत्या. बस हलली, तो हलला, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाकडं बघतोय हे दोघीही बघताहेत.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुमंगला जागा सांगत नव्हती.

त्यानं खिशात हात घातला, गाठ चाचपली, आणि एका बाकड्याकडं पाऊल टाकलं.

"जिंतूर तीन का?" कंडक्टरनं विचारलं. बस परभणीची नव्हती.