पऱ्यात आडवा पडलेला माड

आषाढ अर्ध्यावर आला होता. भिकाजी डोक्यावर इरलं घेऊन पऱ्याच्या काठाशी उभा होता आणि पलीकडच्या काठावरच्या धोंडूला ओरडून विचारत होता, की सभेला येतोस की नाही. धोंडू पलीकडून हात हलवत काहीतरी सांगत होता. मधल्या पऱ्यात लाल पाणी दगडांवर असं काही आपटत होतं, की धोंडूचं तोंड उघडताना दिसे, शब्द मात्र पाण्याबरोबर खाली खाडीला जात. बऱ्याच वेळानं भिकाजीला एवढंच उमगलं, की आधी साकव घाला मग येतो, असं धोंडू म्हणतोय. आणि साकव घालायचा ठराव करायलाच तर सभा होती.

रत्नागिरीकडच्या पावस गावाच्या वरच्या अंगाला कातळवणे म्हणून गाव. मधून हा पऱ्या वाहतो. अलीकडे वरची वाडी, पलीकडे खालची. उन्हाळ्यात पऱ्या कोरडा. म्हशीसुद्धा त्यात धूळ उडवत चालतात. मिरग लागला की मात्र गावाचे दोन गाव होतात. सगळ्या गावाचा तरवा वरच्या वाडीत, कारण पालापाचोळा जाळून भाजावळ करायला चढाची जमीन तिथेच. आणि भाताची खाचरं सगळी खालच्या वाडीत. भाताची रोपं अलीकडे वाढायची आणि लागायची पलीकडे. म्हणून दरसाल मिरगाआधी दोन्ही वाड्यांतले बाप्ये जमत, दोन-तीन खोडं आडवी टाकत, बांबूनं आवळत, नारळ फोडत आणि घरी जात. साकव कुणाचा, हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता.

तो पडला पंचायत आल्यावर.

चैत्रात सर्कलसाहेब आले होते. सरकारनं नवा कायदा केलाय, आता गावाचा कारभार गावानंच करायचा, असं त्यांनी वरच्या वाडीतल्या रवळनाथाच्या देवळात सगळ्यांना समजावलं. मग गावातल्या बाप्यांना हात वर करायला सांगितलं. निम्म्याहून जास्त बाप्ये मुंबईला, त्यामुळे हात बेताचेच होते. पाच सभासद झाले. वरच्या वाडीतले भिकाजी, हरिश्चंद्र आणि सदू, खालच्या वाडीतले धोंडू आणि दादू. सरपंच कोण, यावर जरा कुजबुज झाली. भिकाजी आयुष्यभर आगबोटीवर खलाशी होता आणि तिकडून येताना एक काळा कोट घेऊन आला होता. गावात दुसरा कोट नव्हता. त्यामुळे सरपंच भिकाजी झाला. त्याला वाईट वाटलं नाही. घरी आल्यावर त्याची बायको तुळसा म्हणाली, आता मागल्या विहिरीचा काठ बांधून घ्या. तो म्हणाला, घेऊ.

हरिश्चंद्र मुंबईत एका सॉलिसिटरच्या पेढीत दारावर पट्टेवाला होता. वीस वर्षं दारातून कायदा ऐकून तो गावी परतला होता. वैशाखात साकवाची वेळ आली, बाप्ये कोयते घेऊन निघाले, तेव्हा तो आडवा आला. रस्ते, विहिरी, साकव ही आता पंचायतीची कामं, असं सर्कलसाहेबांनी वाचून दाखवलंय. ठराव झाल्याशिवाय पऱ्यात खुंटीसुद्धा ठोकता येणार नाही. बाप्यांना हे पटलं. पंचायतीचं काम आपण का करायचं, म्हणून ते परत फिरले. त्या आठवड्यात सभा व्हायची, तर धोंडू आंब्यांच्या पेट्या घेऊन रत्नागिरीला गेलेला. पुढच्या आठवड्यात दादूच्या मेव्हणीचं लग्न. तेवढ्यात सदूला मुंबईहून निरोप आला, गोदीत जागा आहे, ये. सदू गेला. आणि पाऊस पडला.

आता हिशोब सोपा होता. सभेला पाचांतले तीन लागत. अलीकडे दोन, पलीकडे दोन.

डोंगराला वळसा घालून पऱ्याच्या उगमावरून यायला वाट होती, पण अर्धा दिवस लागे. धोंडूचे गुडघे गेलेले. दादू येऊ शकला असता. पण साकव देवळासमोर घालायचा की कुसुंबाच्या झाडापाशी, यावरून दोन वाड्यांत जुनी तेढ होती. एकटा गेलो तर वरच्या वाडीचे दोघं मला देवळासमोरच्या जागेलाच हो म्हणायला लावतील, असं दादूला वाटे. मग भिकाजीच म्हणाला, मी जातो वळशानं, तिकडं तिघं होतील. हरिश्चंद्रानं मान हलवली. सभेची जागा रवळनाथाचं देऊळ अशी ठरलेली आहे. खालच्या वाडीत तिघं बसले तर ती सभा नव्हे, तिघांच्या गप्पा.

एकदा दोन्ही काठांवर उभं राहूनही सभा करून बघितली. भिकाजीनं कोट घातला, वर इरलं घेतलं, आणि घसा फाडून ठराव सांगितला. पलीकडून दादूनं हात वर केला. हरिश्चंद्रानं विचारलं, हा अनुमोदनाचा हात की माशी हाकलली? ओरडून विचारलं तर दादूनं दोन्ही हात वर केले. तेव्हा हरिश्चंद्र म्हणाला, की सभासदांमधून पाणी वाहत असेल तर सभा एका जागी भरली असं म्हणता येत नाही. सभा बरखास्त झाली आणि दोन्ही काठ आपापल्या घरी गेले.

इकडे तरवा वाढत होता. लावणीचा दिवस टळून गेला तसा तो शेंड्याला पिवळा पडायला लागला. पलीकडे धोंडू-दादूंनी खाचरं नांगरून चिखल करून ठेवला होता, त्यात नुसते बगळे हिंडत होते. आणखी आठ दिवस गेले असते तर त्या रोपांना भात धरणारच नव्हतं. तुळसा रोज सकाळी तरव्याशी जाई, एक काडी उपटून मुळं बघे, आणि काही न बोलता परत येई. भिकाजीला तिच्या न बोलण्याची भीती वाटू लागली होती.

त्या दिवशी तो काठावरून परतला तेव्हा ती ओट्यावर बसली होती. पायाशी कुऱ्हाड आणि धार लावायचा दगड.

"काय म्हनला धोंडूभावजी?"

"साकव घाला म्हनतोय."

"आनि तुमी काय म्हनलाव?"

"सभेला ये म्हनलो."

तुळसानं कुऱ्हाडीच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग तिनं विचारलं, पंचायतीच्या कायद्यात बायकांचं काय सांगितलंय. भिकाजी म्हणाला, बायकांचं कायच नाय. मत नाय, सभासद नाय.

"मंजे बायकांनी काय करायचां नाय, ह्यां पन नाय?"

भिकाजीनं विचार केला. तसं काही ऐकल्याचं त्याला आठवेना.

"मग आज दुपारी हरिश्चंद्रभावजीना घरात बोलवा," तुळसा म्हणाली. "कायदा काय तो नीट समजून घ्या त्यांच्याकडून. घाई करू नका."

भिकाजीच्या परसात पऱ्याच्या कडेला एक माड होता. त्याच्या बापानं लावलेला, पाण्याकडे जरा कललेला, आणि दरसाल भरपूर नारळ देणारा. भिकाजीनं त्या माडाकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं, आणि कोट घालून हरिश्चंद्राला बोलवायला गेला.

दुपारी हरिश्चंद्र माजघरात पाटावर बसला, पुढ्यात कोरा चहा. इतक्या मन लावून कायदा विचारणारा माणूस त्याला गावात भेटला नव्हता. भिकाजीनं आधी सरपंचाचे अधिकार विचारले. मग सभासद आजारी पडला तर काय, मेला तर काय, वेडा झाला तर काय, ते विचारलं. परसातून ठक्, ठक् असा आवाज येऊ लागला. हरिश्चंद्रानं कान टवकारले.

"कमळा लाकडां फोडतेय," भिकाजी म्हणाला. कमळा म्हणजे त्याची भावजय. "बरां, ठराव झाला, की तो लगेच लागू काय?"

असं कसं, हरिश्चंद्र म्हणाला. आजच्या सभेचं कामकाज पुढल्या सभेत वाचून कायम करावं लागतं. तोवर ठराव कच्चा. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला. हा नियम पेढीतले मोठे साहेबसुद्धा विसरत, असं तो म्हणाला. भिकाजीनं हे पुन्हा समजावून घेतलं. बाहेरचा आवाज दोन कुऱ्हाडींचा झाला. शेजारची सखूही लाकडं फोडायला आली असावी. मग जरा शांतता, बायकांचं ओरडणं, आणि जमीन हादरल्यासारखा एक दणका. कपातला चहा हलला.

"वारा सुटला वाटतां," भिकाजी म्हणाला. बाप माडाला पाणी घालत असल्याचं त्याला उगीच दिसलं.

दोघं बाहेर आले तेव्हा माड पऱ्यावर आडवा पडला होता, शेंडा पार पलीकडच्या काठावर. आणि पलीकडून धोंडूच्या बायकोची, गोदूबाईची, एक उंच पोफळ पडून त्याच्या शेजारी येऊन टेकली होती. एकाच वाऱ्यानं दोन्ही काठांवरची झाडं एकमेकांकडे तोंड करून पडली होती. हरिश्चंद्रानं वाऱ्याची दिशा बघायला बोट ओलं करून वर धरलं. तुळसा कुऱ्हाड धुवत होती.

"ह्यो साकव घातलाव तुमी," हरिश्चंद्र म्हणाला.

"साकव कुठं भावजी? माड पडलाय," तुळसा म्हणाली. "पडलेल्या माडावरून चालू नये, असां काय हाय काय?"

तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बायका तरव्याच्या मुठी डोक्यावर घेऊन माडावरून निघाल्या. पाय आडवे टाकत, मागचीनं पुढचीच्या कमरेला धरून, ओळीनं. चार दिवसांत खाचरं हिरवी झाली. थोडा उशीर झाला होता, पण रोपांनी मूळ धरलं.

आणि पाचव्या दिवशी धोंडू आणि दादू त्याच माडावरून सभेला आले. धोंडू बसत बसत आला. रवळनाथाच्या देवळात कातळवण्याच्या पंचायतीची पहिली सभा भरली.

साकवाचा विषय निघाला. हरिश्चंद्र म्हणाला देवळासमोर, धोंडू म्हणाला कुसुंबापाशी, दादू धोंडूच्या बाजूनं ओरडला, आणि तासाभरानं तो विषय पुढे ढकलला. मग हरिश्चंद्रानं दुसरा विषय काढला: पऱ्यात दोन झाडं आडवी पडून पाण्याला अडथळा झाला आहे, तो पंचायतीनं काढून टाकावा. सगळ्यांनी मान डोलावली. अडथळा तर होताच, डोळ्यांना दिसत होता, आणि जागेचा वाद त्यात नव्हता. पंचायतीला एकमतानं करता येईल असं हे पहिलंच काम होतं. हात वर झाले. ठराव पास झाला. इतक्या दिवसांनी काहीतरी घडलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. हरिश्चंद्र म्हणाला, आत्ताच बाप्ये बोलवू, संध्याकाळच्या आत खोडं वाहून जातील.

भिकाजी कोटाची बटणं चाचपत बसला होता. देवळाच्या दारातून पलीकडची खाचरं दिसत होती, आणि त्यांत सुटलेल्या जागी रोपं लावायला वाकलेली इरली. त्यातलं तुळसाचं कुठचं ते त्याला इतक्या लांबूनही ओळखू आलं.

"धोंडू," तो म्हणाला, "आज तू ऱ्हानार कुठं?"

"घरी जानार. म्हस दुवायची हाय."

"कशावरून?"

धोंडूनं दादूकडे बघितलं. दादूनं पऱ्याकडे बघितलं.

मग धोंडू म्हणाला, आम्ही घरी पोचल्यावर काढा. हरिश्चंद्रानं तशी दुरुस्ती केली. सभासद घरी पोचल्यावर अडथळा काढावा. तेवढ्यात भिकाजीनं शांतपणे विचारलं, की हा ठराव आजचा, म्हणजे कच्चाच ना? पुढल्या सभेत कायम झाल्याशिवाय खोडाला हात लावता येणार नाही, असं त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत.

नियम हरिश्चंद्राचाच होता. आणि त्याला नियमांचा अभिमान होता.

पुढल्या सभेला धोंडू-दादू माडावरून आले. ठराव कायम झाला. पण सभासद अजून घरी पोचले नव्हते. ते पोचेपर्यंत थांबायचं, असं ठरलं. मात्र ते पोचले याची खात्री सभेत व्हायला हवी, असं हरिश्चंद्रालाच वाटलं, कारण कच्चं काम त्याला खपत नसे. म्हणून खात्री करायला पुन्हा सभा बोलावली. तिला ते पुन्हा माडावरून आले. श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. तालुक्यात इतक्या सभा भरवणारी दुसरी पंचायत नव्हती. दर सभेत तोच एक ठराव होता, आणि सभा संपली की भिकाजी काठापर्यंत दोघांना पोचवायला जाई, धोंडूची काठी धरून.

भादव्याच्या शेवटी सर्कलसाहेब तपासणीला आले. पावसहून येणारी वाट खालच्या वाडीत उतरते, तेव्हा पऱ्या ओलांडणं आलं. पाणी अजून बरंच होतं. साहेब घोड्यावर बसावं तसे माडावर बसले आणि हातांवर जोर देत पुढे सरकत आले. त्यांची टोपी कमळानं काखेत धरली होती. अलीकडे उतरल्यावर त्यांनी विजार झटकली आणि विचारलं, हे काय आहे?

"अडथळा, साहेब," हरिश्चंद्र म्हणाला. "काढायचा ठराव झालेला आहे."

"मग काढला का नाही?"

हरिश्चंद्रानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी ते उभ्यानं ऐकलं, मग दगडावर बसून ऐकलं. मग त्यांनी आल्या वाटेकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि म्हणाले, की मला आज परत जायचंय, तोवर राहू दे. दप्तर बघून ते निघाले, तेव्हा पुन्हा माडापाशी घुटमळले. धरायला काहीतरी नको का, माणूस पडेल एखादा, असं ते पुटपुटले. हरिश्चंद्र म्हणाला, जी वस्तू काढायचा ठराव आहे तिला कठडा लावायचा, तर वेगळा विचार करावा लागेल.

तुळसा आणि सखू काठावर भांडी घासत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडाला बांबूचा कठडा फुटला होता, दोन्ही बाजूंनी, काथ्यानं घट्ट बांधलेला. हरिश्चंद्र काठावर येऊन बराच वेळ उभा राहिला. ह्याची नोंद घ्यावी लागेल, असं तो भिकाजीला म्हणाला. भिकाजी म्हणाला, घेऊ. मग हरिश्चंद्रानं वहाणा काखोटीला मारल्या, कठडा हलवून पक्का आहे ना ते पाहिलं, आणि तो दोन्ही हातांनी धरून, धोंडूकडे नव्या भाताचे पोहे खायला पलीकडे गेला.